हात मागे

बेबीला नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला, आणि त्याचं कारण फारसं थोर नव्हतं. सकाळी आठ ते दुपारी तीन घर माझं एकटीचं होणार होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण या घरात मी एकटी अशी कधी बसलेच नव्हते. आधी सासूबाई होत्या, आणि बेबी तर होतीच.

बेबी म्हणजे माझी नणंद. वय वर्षं छत्तीस. लहानपणी पडलेलं नाव कुणी बदललं नाही, कारण आमच्या लेखी ती कधी मोठी झालीच नाही. तिचं डोकं हळू चालतं. दहापर्यंत नीट मोजते, दहाच्या पुढे आकड्यांची सरमिसळ होते. स्वतःचं नाव वाचते, बसचा नंबर ओळखते. एखादी गोष्ट तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो, पण एकदा शिरली की बाहेर निघत नाही. आणि तिला खोटं बोलता येत नाही. माझी मावशी आली होती तेव्हा म्हणाली, "मावशी, तुम्ही खूप जाड झालात." मी डोळे वटारले तर म्हणाली, "झाल्यात ना पण."

सासूबाईंचं एक पालुपद होतं, "राहू दे, मी करते." बेबी शेंगा सोलायला बसली की राहू दे. बेबीने पांघरुणाची घडी घातली की राहू दे, त्या पुन्हा घालणार. त्या गेल्या आणि ते पालुपद मी उचललं. मी घरी कपड्यांच्या दुरुस्तीची कामं करते, पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, असली. माझे हात भराभर चालतात, याची मला घमेंड आहे आणि ती मी लपवत नाही. दुसऱ्याचे हळू हात मला बघवत नाहीत. बेबी बटण लावत असली की माझीच बोटं शिवशिवतात.

तर आमच्या भागात एक संस्था आहे. बेबीसारख्या मोठ्या माणसांना ती खरी, पगाराची नोकरी मिळवून देते, आणि मिळवून दिली की हात झटकून मोकळी होत नाही. त्यांचं एक माणूस रोज सोबत कामावर जातं, शिकवतं, आणि हळूहळू बाजूला होतं. बेबीच्या वाट्याला ज्या बाई आल्या त्यांना आम्ही कोचबाई म्हणायचो. उंच, वाळक्या आणि बोलण्यात काटकसरी. पहिल्या दिवशी घरी आल्या आणि मी बेबीच्या वतीने भडाभडा उत्तरं द्यायला लागले, तर म्हणाल्या, "वहिनी, मी तिला विचारलं होतं." तेव्हाच त्या माझ्या मनातून निम्म्या उतरल्या होत्या.

काम होतं एका मोठ्या लाँड्रीत. दोन हॉस्पिटलांच्या चादरी आणि पाच-सहा हॉटेलांचे टॉवेल तिथे धुवायला येत. आत शिरलं की ओल्या कापडाचा आणि गरम इस्त्रीचा वास. एका बाजूला माणूस उभा मावेल एवढे ड्रायर, मध्ये टेबलांची रांग, आणि पलीकडे थप्प्या नेणाऱ्या ट्रॉल्या. बेबीचं टेबल कोपऱ्यातलं, हात पुसायच्या लहान टॉवेलांचं. घडी घालायची, दहा टॉवेलांची एक थप्पी करायची, थप्पी ट्रॉलीत ठेवायची. दहा मोजताना चूक होऊ नये म्हणून कोचबाईंनी टेबलाच्या कडेला एक दोरी बांधली होती आणि तिला दहा चिमटे लावले होते. एक टॉवेल झाला की एक चिमटा डावीकडून उजवीकडे. दहाही उजवीकडे गेले की थप्पी झाली. मग पाटीवर एक रेघ.

कोचबाईंची स्वतःची पण एक पद्धत होती. पहिला आठवडा त्या बेबीच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. मग टेबलाच्या टोकाशी. मग चार पावलं लांब. आणि कायम दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत अडकवलेले. बेबीने विचारलं असे हात का ठेवता, तर म्हणाल्या, "माझे हात पुढे असले की ते तुझं काम करायला धावतात. म्हणून त्यांना बांधून ठेवते." बेबीला हे इतकं पटलं की घरी येऊन तिने दादाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दम दिला. तो तिच्या चपलेचा पट्टा लावायला वाकला होता. "दादा, हात मागे!" तो बिचारा पोलिसाने पकडल्यासारखा हात मागे घेऊन उभा राहिला. आम्ही पोट धरून हसलो.

चाचणी होती नव्वद दिवसांची, कामाचे दिवस नव्वद. तोवर गळ्यात पिवळ्या कागदाचा तात्पुरता पास. चाचणीत पास झालं की फोटोचं प्लास्टिकचं कार्ड. बेबीला पगारापेक्षा त्या कार्डाचं वेड होतं. आजवर तिचा एकटीचा फोटो कुठेच नव्हता; घरातल्या प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी कडेला उभी. तिने दादाला घेऊन जाऊन आधीच फोटो काढून आणला होता, निळा शर्ट, केस चप्प बसवलेले, हनुवटी वर. तो फोटो पाकिटात, पाकीट उशीखाली. कोचबाईंनी तिला नव्वद चौकोनांचा एक कागद दिला होता, दहा-दहाच्या नऊ ओळी. रोज घरी आली की चपला काढायच्या आधी एक चौकोन खोडायची.

एक दोन पानी करारही आला होता. नवऱ्याने सही केली आणि कपाटात ठेवला. मी वाचला नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे त्याचाच घास घशात अडकला.

तेहेतिसाव्या दिवशी कोचबाई संस्थेच्या जिन्यावरून पडल्या आणि पायाचं हाड मोडलं. संस्थेकडे दुसरं माणूस मोकळं नव्हतं. बेबीला अजून तिथे एकटीला सोडता येत नव्हतं. ड्रायरची घंटा वाजली की ती घाबरून थिजायची. मला विचारलं, तीन आठवडे तुम्ही जाल का? कोचबाईंनी प्लास्टरमधून फोन केला. "वहिनी, काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं. घंटा वाजली की 'काही नाही, ड्रायर आहे' एवढंच म्हणायचं. ती चोवीस थप्प्या करते. कमी झाल्या तरी चालेल, जे होईल ते लिहा. आणि हात मागे."

"एवढंच ना?" मी म्हटलं. मला वाटलं, काही न करण्यात काय ते कठीण!

पहिले दोन तास मी हात मागे ठेवून उभी राहिले. तुम्हाला सांगते, तसा छळ मला कधी झाला नाही. बेबी टॉवेल उचलायची, झटकायची, कोपऱ्याला कोपरा लावायची, बघायची, पुन्हा लावायची, घडी घालायची, तिच्यावरून हात फिरवायची, मग चिमटा सरकवायची. तेवढ्यात मी चार घातल्या असत्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईचे हात तर दिसतसुद्धा नव्हते. आमच्यामागे टॉवेलांनी भरलेली टोपली आली, मग दुसरी आली. अकरा वाजता सुपरवायझर आले. त्यांना तिथे सगळे साहेब म्हणत. चष्मा कपाळावर, हातात कागद अडकवलेली फळी. त्यांनी टोपल्यांकडे बघितलं, पाटीवरच्या रेघांकडे बघितलं, आणि "हं" म्हणून पुढे गेले.

त्या "हं"नेच घात केला. मला वाटलं, गेली हिची नोकरी. गेलं कार्ड. आणि खरं सांगायचं तर, गेलं माझं आठ ते तीन. साहेबांची पाठ वळली आणि माझे हात सुटले. मी टोपलीत हात घातला आणि दहा मिनिटांत तीन थप्प्या लावल्या.

बेबी बघत राहिली. "वहिनी, हात मागे ना?"

"अगं, मागेच आहेत. थोडीशी मदत. राहू दे, मी करते, तू तुझं चालू दे."

"ह्या माझ्या रेघा नाहीत."

"तुझ्याच आहेत. आपण घरची माणसं, तुझं-माझं काय त्यात? पण कुणाला सांगायचं नाही हं. कोचबाईंना नाही, साहेबांना नाही, दादाला पण नाही."

"का?"

"कारण कार्ड हवंय ना तुला?"

तिने बराच वेळ विचार केला. मग मान हलवली. "सांगायचं नाही."

आमचा कोपरा ड्रायरच्या आडोशाला होता. साहेब दिवसातून दोनदाच फिरकायचे. शेजारच्या बाईने पाहिलं, पण ती काही बोलली नाही. तिलाही वाटलं असेल, वहिनी नणंदेसाठी जीव टाकतेय. मलाही तेच वाटत होतं. पहिल्या दिवशी पस्तीस थप्प्या झाल्या, आठवड्याच्या शेवटी चव्वेचाळीस, आणि तिसऱ्या आठवड्यात अठ्ठेचाळीस. साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पाटी दोनदा पाहिली. "वा! छुपी रुस्तम निघाली ही!" माझ्या शेवटच्या दिवशी त्यांनी बेबीला कोपऱ्यातून उचलून मधल्या रांगेत आणलं, मोठ्या टेबलावर. तिथे एका बाईची बदली करायची होती, ती केली, आणि तिची जागा बेबीला दिली. मी घरी येऊन नवऱ्यासमोर छाती काढून बसले.

बेबीचं बोलणं कमी झालं होतं. चौकोन खोडायची, पण पूर्वीसारखी कागद नाचवत फिरायची नाही. ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण मी बघितलं नाही.

कोचबाई काठी टेकत परत आल्या तेव्हा त्यांनी आधी पाटीवरचे रोजचे आकडे उतरवलेली वही चाळली. मग मला बाजूला घेतलं. "वहिनी, चोवीसच्या अठ्ठेचाळीस? तुम्ही हात लावला नाहीत ना?"

"छे हो! उभी होते नुसती. तुमचीच शिकवण." मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. इतक्या सहज खोटं बोलता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून मी घरी बसले, माझ्या आठ ते तीनच्या घरात, आणि मोठ्या टेबलावर बेबी एकटी उभी राहिली. कोचबाई पायामुळे दिवसातून तासभरच येऊ शकत होत्या.

पहिल्या दिवशी तिच्या सत्तावीस थप्प्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पंचवीस. साहेबांना आधी वाटलं बरं नसेल. मग वाटलं, पाय दुखत असेल. चौथ्या दिवशी ते कोचबाईंना म्हणाले, "येतं तिला, आपण बघितलंय. आता करायचं नाहीये. डोक्यावर बसवून ठेवली की असंच होतं." कोचबाईंनी हे मला फोनवर सांगितलं आणि विचारलं, "घरी काही झालंय का?" मी म्हटलं, "नाही हो, काही नाही." खाई त्याला खवखवे म्हणतात. मला जेवण गोड लागेना, पण तोंड काही उघडेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावत होते. चार दिवसांत तिचा हात बसेल, वेग येईल, सगळं सुरळीत होईल.

मग तिचा डबा जसाच्या तसा परत यायला लागला.

"का नाही जेवलीस?"

"वेळ जातो."

पाण्याची बाटलीही भरलेली. "पाणी का नाही प्यायलीस?"

"मग बाथरूमला जावं लागतं."

तिचे ओठ फुटले होते. मी त्यांना साय लावली आणि वर तिलाच ओरडले, आजारी पडायचंय का म्हणून. नवरा म्हणाला, "अगं, तिथे तिला कुणी त्रास तर देत नाही ना?" मी म्हटलं, "कोण देणार त्रास? दमते, एवढंच." तो पुन्हा पेपरात शिरला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

एका संध्याकाळी मी वाळलेले कपडे घेऊन बसले होते. बेबी शेजारी येऊन बसली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

"वहिनी, तू घरी पण घड्या घालतेस ना?"

"घालते की. कोण घालणार मग?"

"किती पण असल्या तरी?"

"किती पण असल्या तरी. आण इकडे तो शर्ट."

ती समाधानाने उठून गेली. मला वाटलं, चला, कळी खुलली.

दुसऱ्या दिवशी, एकसष्टाव्या, दुपारी सव्वातीनला लाँड्रीतून फोन आला. लगेच या.

वॉचमनची केबिन म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतीवर घड्याळ. स्टुलावर बेबी बसली होती, दोन्ही हात पाठीमागे. टेबलावर तिची डब्याची पिशवी उघडी पडली होती आणि बाजूला नऊ मोठे टॉवेल, चोळामोळा होऊन. साहेब चष्मा हातात घेऊन उभे होते. कोचबाई भिंतीला टेकून, चेहरा पांढरा.

"गेटवर पिशवी तपासली," वॉचमन म्हणाला. त्यालाही ते सांगताना अवघड होत होतं. "सगळ्यांची तपासतो, वहिनी. तिची एकटीची नाही."

"मी हिच्यासाठी वरती शब्द टाकला होता," साहेब म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "मोठं टेबल दिलं. आणि हे?"

कोचबाई पुढे आल्या. "बेबी, टॉवेल का घेतलेस?"

"सांगायचं नाही."

"कुणाला द्यायचे होते?"

"सांगायचं नाही."

साहेबांनी हात उडवले. मी घाईघाईने म्हटलं, "चुकून गेले असतील हो पिशवीत."

"चुकून नाही," बेबी म्हणाली. "मी भरले."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. आता सांगू का, असं विचारत होती ती. तोवर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. ते टॉवेल चोरून न्यायचे असते तर ते असे न दुमडता का कोंबले असते? ते घडी घालायचे राहिलेले टॉवेल होते. ती ते घरी आणत होती, माझ्याकडे. वहिनीचे हात लागले की थप्प्या होतात, आणि वहिनी आता घरी असते. एवढा सरळ हिशोब. आणि तिने तो कुणाला सांगितला नाही, कारण मी सांगू नकोस म्हटलं होतं.

हे सगळं कळूनही मी गप्प राहिले. सांगायला लाज वाटते, पण राहिले. बोलले तर अठ्ठेचाळीस थप्प्या खोट्या ठरतात आणि कार्ड जातं. नाही बोलले तर ती चोर ठरते आणि कार्ड जातं. फरक एवढाच, की नाही बोलले तर मी वाचते.

"पास जमा कर," साहेब म्हणाले.

बेबीने हात पुढे घेतले आणि गळ्यातल्या पिवळ्या पासाची गाठ सोडायला लागली. गाठ सकाळी मीच मारली होती, घट्ट. तिची बोटं गाठीवर घसरत होती. ती रडत नव्हती, गाठ सोडत होती, टॉवेलाची घडी घालते तशीच, लक्ष लावून. आणि माझे हात आपोआप तिच्या गळ्याकडे गेले.

"राहू दे," मी म्हटलं, "मी सोडते."

माझा आवाज माझ्याच कानावर पडला आणि मला स्वतःची अशी किळस आली की काय सांगू. तिची नोकरी मी घालवत होते, आणि वर पासही मीच सोडून देणार होते.

"चोर मी आहे," मी म्हणाले. मग एका दमात सगळं सांगितलं. अठरा दिवस. रोज. तिला गप्प बसायला मी सांगितलं होतं. टॉवेल ती माझ्याकडून घड्या घालून घ्यायला आणत होती आणि उद्या परत नेऊन ठेवणार होती, विचारा तिला.

"थप्प्या करून आणणार होते," बेबी म्हणाली. "पण वहिनी, सांगायचं नाही ना?"

बाहेर ड्रायरची घंटा वाजली. बेबी दचकली नाही. ते तिने केव्हाच जिंकलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

कोचबाईंनी फाईल उघडून दोन पानी करार काढला आणि माझ्यासमोर धरला. बोटाने एक ओळ दाखवली. चाचणीच्या अखेरीस, दिवसाला तीस थप्प्या.

"तीस?" मी म्हटलं. "मला वाटलं, सगळ्यांएवढ्या लागतात. पन्नास तरी."

"कुणाला विचारलंत?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"तुम्ही यायच्या आधी चोवीस होत्या," कोचबाई म्हणाल्या. "काल एकोणतीस झाल्या. मोठ्या टेबलावर, उपाशी राहून. लहान टेबलावर, जेवून-खाऊन, नव्वदाव्या दिवशी तीस आरामात झाल्या असत्या, वहिनी. तिच्या तिनेच केल्या असत्या." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही तिचे एकसष्ट दिवस खाल्लेत."

अति तिथं माती म्हणतात, पण इथे मातीही माझीच होती आणि पडली तिच्या ताटात.

साहेब वर जाऊन आले. वीस मिनिटं लागली. चोरीची नोंद होणार नाही, म्हणाले. पण आतापर्यंतच्या एकाही आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे चाचणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. लहान टेबल. घरच्या माणसाने गेटच्या आत पाय ठेवायचा नाही. कोचबाई म्हणाल्या, निदान शेवटचे दहा दिवस तरी धरा, ते तिचे एकटीचे आहेत. साहेबांनी मान हलवली. "नाही. वरून तसंच आलंय."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. बेबीच्या गळ्यात पिवळा पास अजून होता.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"हो."

"मी नाही सांगितलं."

"माहितेय गं मला."

दोन थांबे गेले. मला सांगणं भाग होतं. नाही तर घरी जाऊन ती एकसष्टावा चौकोन खोडणार. "बेबी, तो कागद आहे ना, त्यातले खोडलेले दिवस आता धरायचे नाहीत. पुन्हा पहिल्यापासून."

"किती?"

"सहा ओळी, आणि आजचा चौकोन."

"त्या मी केल्यात."

"हो, पण त्यात माझे हात होते ना."

तिने गळ्यातला पिवळा पास मुठीत धरला. मग म्हणाली, "सगळ्यात नव्हते."

तेहेतीस दिवस आधीचे आणि दहा नंतरचे तिचे एकटीचे होते. माझ्या अठरा दिवसांनी ते सगळे नासवले.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. "मला तरी सांगायचंस," एवढंच म्हणाला, आणि ते जास्त लागलं. मी दूध तापत ठेवलं. बेबी बाहेरच्या टेबलावर कोरा कागद, पट्टी आणि पेन घेऊन बसली होती. बाजूला खोडलेला जुना कागद. आणि दोरीवरचे दहा चिमटे. कपडे वाळत घालायचे आमचे चिमटे तिने काढून आणले होते.

"उद्या कोचबाई नवीन कागद देतील," मी म्हटलं.

"आज पाहिजे."

तिने पट्टी ठेवली, रेघ ओढली. पट्टी सरकली, रेघ तिरकी गेली. तिने पहिला चौकोन पुरा केला आणि एक चिमटा डावीकडून उजवीकडे नेला. दुसरा चौकोन पहिल्याहून मोठा झाला. या वेगाने संध्याकाळ जाणार होती. माझा हात पट्टीकडे गेला. नुसता पट्टी दाबून धरायला, देवाशपथ, तेवढ्याचसाठी.

बेबीने वर पाहिलं नाही. "वहिनी, हात मागे."

मी हात मागे घेतले. बोटं एकमेकांत अडकवली आणि तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. आतून दुधाचा वास यायला लागला, मग करपल्याचा. "अगं, दूध उतू जातंय!" नवरा आतून ओरडला. माझे हात सुटेनात. शेवटी त्यानेच गॅस बंद केला आणि दारात येऊन आमच्याकडे बघत उभा राहिला.

दहा चिमटे उजवीकडे गेले. ओळ झाली. तिने जुन्या कागदाच्या पहिल्या ओळीशी नवी ओळ लावून पाहिली, चिमटे परत डावीकडे आणले आणि दुसरी ओळ सुरू केली. दीड तास लागला. चौकोन कुठे लहान, कुठे फुगलेले, शेवटची ओळ कागदाच्या कडेला जाऊन वाकलेली. मग ती उठली आणि हात धुवायला आत गेली.

मी कागद उचलला आणि बोट लावून एकेक चौकोन मोजला. सवय जाता जात नाही. नव्वद होते.

वळले तर बेबी दारात उभी होती, ओले हात तसेच.

"मोजलेस?"

"हो."

"किती?"

"नव्वद."

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि तिने माझ्या हातातून कागद काढून घेतला.